जवसाचं तेल दिलं आणि दुधाचं फॅट खाली आलं. असं का व्हावं?

गोठ्यावरून:
चौदा दुभत्या गायी आहेत. जवस खाणाऱ्या गायीच्या दुधात ओमेगा-३ वाढतं असं वाचलं, म्हणून दीड महिन्यापूर्वी जवसाचं तेल सुरू केलं. गायीमागे रोज साधारण ४०० ग्रॅम, भरड्यात कालवून. त्याच सुमारास वाळलेली वैरण कमी पडत होती, म्हणून मक्याचा भरडाही दीडेक किलोने वाढवला.

दूध घटलं नाही, उलट गायीमागे लिटरभर वाढलं. पण फॅट दहा दिवसांत ४.१ वरून ३.१ वर आलं आणि तिथेच बसलंय. प्रोटीन जसंच्या तसं. शेण थोडं सैल आहे. ताप नाही, कासेला सूज नाही, गायी खातात-पितात.

मला उमगत नाही ते एवढंच: तेल म्हणजे स्निग्धच. स्निग्ध खाऊ घातल्यावर दुधातला स्निग्धांश वाढायला हवा, तो घटला कसा? आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते ओमेगा-३ तरी दुधात उतरलं का?

हिरवं_रान:
तेल थांबवा, लांब कापलेली वैरण वाढवा, भरडा पूर्वीइतका करा. आमच्याकडे सरकीचं प्रमाण हाताबाहेर गेलं की हेच होतं. का होतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण इलाज हाच लागू पडतो.

दुग्धरसायन:
या विषयात काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

आपण गायीला खाऊ घालतो असं म्हणतो, पण गव्हाणीतला घास आधी पोचतो कोटीपोटातल्या, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, जिवाणूंकडे. त्यांचं उरलंसुरलं आणि त्यांनी बनवलेलं, त्यावर गाय जगते. दुधातल्या मेदाम्लांचं, म्हणजे स्निग्ध ज्यांचं बनतं त्या घटकांचं, कोडं इथेच सुटतं.

गवत घ्या, जवस घ्या, सरकी घ्या, सगळ्यांतली बहुतेक मेदाम्लं असंपृक्त असतात, म्हणजे त्यांच्या कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध असतात. हिरव्या गवतात आणि जवसात लिनोलेनिक आम्ल (हेच तुमचं ओमेगा-३) मुख्य, मका-सरकी-सोयाबीनमध्ये लिनोलिक (हे ओमेगा-६). तरीही गायीच्या दुधातली सुमारे ६५ ते ७० टक्के मेदाम्लं संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली, निघतात. खाल्लं एक आणि आलं दुसरं, कारण मध्ये कोटीपोट आहे.

मोकळी असंपृक्त मेदाम्लं तिथल्या बऱ्याच जिवाणूंना विषासारखी बाधतात, त्यांच्या पेशींच्या आवरणात शिरून गोंधळ घालतात. तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना तर फारच. मग जिवाणू त्या दुहेरी बंधांना हायड्रोजन जोडून मेदाम्ल निरुपद्रवी करून टाकतात. याला जैविक हायड्रोजनीकरण म्हणतात. लिनोलिक साधारण ७० ते ९५ टक्के आणि लिनोलेनिक ८५ ते जवळजवळ १०० टक्के याच मार्गाने जातं. शेवटी उरतं ते स्टिअरिक आम्ल, पूर्ण संपृक्त.

तुमचाच हिशेब मांडू. ४०० ग्रॅम जवस तेलात लिनोलेनिक निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे २१० ग्रॅम धरा. कोटीपोटात त्यातलं ९२ टक्के बदललं तर पुढे आतड्यात पोचतं १७ ग्रॅम. त्यातलं निम्मं दुधात उतरलं आणि गाय २० लिटर देत असेल, तर लिटरमागे ०.४ ग्रॅम. हिशेब ढोबळ आहे, पण अंदाज येतो. ओमेगा-३ वाढलं असणार, आणि जे वाढलं ते इतकंच.

गोठ्यावरून:
हे वाचून धक्का बसला. २१० ग्रॅम घातलं आणि ८ ग्रॅम मिळालं. बरं, ओमेगा-३ कुठे गेलं ते कळलं. पण फॅट का घटलं? स्टिअरिक झालं तरी ती चरबीच ना, ती दुधात यायला काय हरकत होती?

दुग्धरसायन:
ती येतेच. म्हणून तर दुसरी बाजू बघायला हवी: दुधातला स्निग्धांश येतो कुठून?

त्याचे दोन झरे आहेत. एक रक्तातून येणारा. खाल्लेल्या चाऱ्यातली किंवा गायीच्या अंगावरची चरबी विरघळून आलेली, १८ कार्बनची आणि त्याहून लांब मेदाम्लं. दुसरा झरा कासेतच आहे. कासेच्या पेशी ॲसिटेट आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट या छोट्या रेणूंपासून दोन-दोन कार्बन जोडत ४ ते १४ कार्बनची मेदाम्लं स्वतः बनवतात. १६ कार्बनचं पामिटिक आम्ल दोन्हीकडून येतं, साधारण निम्मं-निम्मं. हे ॲसिटेट कोटीपोटात तंतुमय पदार्थ आंबल्यावर तयार होतं. पिष्टमय पदार्थ वाढले की ॲसिटेटऐवजी प्रोपिओनेटचं प्रमाण चढतं. वैरण कमी, भरडा जास्त, की फॅट खाली, हे गोठ्यातलं निरीक्षण याच्याशी जुळतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. फॅट एकाएकी उतरण्याची नोंद फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसिंगो यांनी १८४५ मध्ये केली होती. पुढे शंभरहून अधिक वर्षं ॲसिटेट कमी पडतं म्हणून असं होतं, असाच तर्क होता. ताळा मात्र बसेना. अशा गायींमध्ये ॲसिटेट इतकं घटलेलं नसतं आणि बाहेरून दिलं तरी फॅट पूर्ववत होत नाही.

उत्तर सापडलं ते हायड्रोजनीकरणाच्या आडवाटेत. नेहमीच्या वाटेने लिनोलिकचं आधी रुमेनिक आम्ल होतं, मग व्हॅक्सेनिक, मग स्टिअरिक. कोटीपोट आम्लधर्मी झालं आणि वरून तेल आलं, की जिवाणूंची वस्ती बदलते आणि काही लिनोलिक दुसऱ्या वाटेला लागतं. त्या वाटेवर ट्रान्स-१०, सिस-१२ नावाचं संयुग्मित लिनोलिक आम्ल तयार होतं. कॉर्नेल विद्यापीठात बाउमगार्ड, बाउमन आणि सहकाऱ्यांनी हे शुद्ध रूपात, कोटीपोट टाळून, थेट चौथ्या पोटात सोडून पाहिलं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात रोज १० ग्रॅम देऊन चार दिवसांत दुधातल्या स्निग्धांशाचं उत्पादन ४० टक्क्यांहून जास्त घटलं.

गोठ्यावरून:
१० ग्रॅम? रोज अर्धा-पाऊण किलो स्निग्ध बनवणारी गाय १० ग्रॅमने थांबते?

दुग्धरसायन:
हो, कारण ते कासेसाठी एक संकेत आहे. चरबी बनवणारी विकरं (एन्झाइम) ज्या जनुकांवरून तयार होतात, त्या जनुकांचं काम ते मंदावतं. म्हणून घट कासेत बनणाऱ्या छोट्या मेदाम्लांत सर्वांत जास्त दिसते. दूध, प्रोटीन, लॅक्टोज यांना धक्का लागत नाही. तुमचं दूध वाढलं, प्रोटीन तसंच राहिलं आणि एकटं फॅट कोसळलं. इतकी स्पष्ट खूण क्वचितच मिळते.

तुमच्याकडे तिन्ही कारणं एकाच आठवड्यात जमली: तेल, जास्त पिष्ट, कमी वैरण. यातलं एखादंच असतं तर कदाचित निभावलं असतं.

वाचनमात्र:
मी गोठ्यातली नाही, दूध पिणारी आहे. धागा वाचताना एका शब्दावर अडले. ट्रान्स? म्हणजे दुधात ट्रान्स फॅट असतं? डालड्यातलं तेच ना?

दुग्धरसायन:
असतं, दुधातल्या मेदाम्लांत काही टक्के. पण दोन्हींकडची वाटणी वेगळी. कारखान्यात तेलाचं अर्धवट हायड्रोजनीकरण करताना ट्रान्स बंध साखळीत अनेक जागी विखुरतात. गायीच्या दुधात, कोटीपोट निरोगी असेल तर, त्यातलं मुख्य असतं व्हॅक्सेनिक, म्हणजे ट्रान्स-११, ट्रान्स बंध अकराव्या जागी.

आणि कासेत त्याचं पुढे काय होतं ते मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. कासेत डेल्टा-९ डिसॅच्युरेज नावाचं विकर आहे. जिवाणूंनी काढलेला दुहेरी बंध ते ठराविक जागी परत बसवतं. स्टिअरिकचं ओलेइक करतं, व्हॅक्सेनिकचं रुमेनिक. दुधातलं बहुतेक रुमेनिक आम्ल असं कासेत तयार झालेलं असतं, चाऱ्यातून थेट आलेलं नसतं. संयुग्मित लिनोलिक आम्लांमध्ये कर्करोगविरोधी गुण दिसल्याचं विस्कॉन्सिनच्या मायकेल परिझा यांच्या कामातून पुढे आलं, पण ते प्राण्यांवरच्या प्रयोगांत. दुधात असतं तेवढ्या मात्रेत माणसाला तोच लाभ होतो, असं त्यावरून म्हणू नये.

गाय हा उपद्व्याप का करते? स्टिअरिक सुमारे ६९ अंशांना वितळतं, पामिटिक ६३ ला. शरीराच्या तापमानाला ही दोन्ही घट्टच. ओलेइक १३-१४ अंशांना वितळतं आणि चार कार्बनचं ब्युटिरिक शून्याखालीही पातळ असतं. ओलेइक आणि छोटी मेदाम्लं नसती तर स्निग्धाचे थेंब सडातून वाहण्याइतके मऊ राहिलेच नसते.

वाचनमात्र:
हे छान समजलं. म्हणून एकाच ब्रँडचं लोणी कधी फ्रीजमधून काढल्या काढल्या पावावर पसरतं आणि कधी दगडासारखं असतं?

दुग्धरसायन:
त्याचं मोठं कारण हेच. ताज्या हिरव्या चाऱ्यावरच्या गायीच्या लोण्यात ओलेइक जास्त, पामिटिक कमी, म्हणून ते मऊ. साठवलेल्या चाऱ्यावर उलट. पिवळेपणा मात्र मेदाम्लांचा नाही, तो गवतातल्या बीटा-कॅरोटीनचा. दोन्ही हिरव्या चाऱ्यातून येतात म्हणून सोबत दिसतात.

२०२१ च्या फेब्रुवारीत कॅनडात हा चर्चेचा मोठा विषय झाला होता. लोणी खोलीच्या तापमानालाही मऊ होत नाही अशा तक्रारी आल्या आणि बोट गेलं पाम तेलापासून केलेल्या खाद्यपूरकांकडे. तिथल्या दूध उत्पादकांच्या संघटनेने शेतकऱ्यांना पर्याय शोधायला सांगितलं. त्या वेळच्या कडकपणाला तेवढं एकच कारण होतं का, यावर मतभेद होते. पण पामिटिकने भरलेली पूरकं दिली की दुधात पामिटिक वाढतं, यात शंका नाही. ते आधीच संपृक्त असल्यामुळे जिवाणूंना त्यात बदलायला काही नसतं. तोंडातून थेट दुधापर्यंत जाण्याचा सर्वांत सरळ रस्ता त्याचाच.

कुरणवाला:
इतका खटाटोप कशाला, मी तर म्हणतो गायी चरायला सोडा. कुरणावरच्या दुधाची गोष्टच वेगळी. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ चं गुणोत्तर पार बदलतं. गोठ्यात बांधलेल्या गायीचं दूध आणि हे दूध यांना एकच नाव देऊ नये.

आकडेमोड:
कुरणवाला, गुणोत्तराबद्दल तुम्ही बरोबर आहात, आणि तरीही मला तुमचं म्हणणं अर्धंच पटतं.

अमेरिकेतले बेनब्रूक आणि सहकारी यांनी २०१८ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. फक्त गवतावरच्या गायींच्या दुधात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ चं गुणोत्तर ०.९५ होतं, सेंद्रिय दुधात २.२८ आणि नेहमीच्या दुधात ५.७७. फरक प्रचंड आहे. पण त्याच कामातली दुसरी ओळ पाहा. १०० ग्रॅम दुधात ओमेगा-३ गवताच्या दुधात सुमारे ०.०५ ग्रॅम, नेहमीच्या दुधात ०.०२ ग्रॅम.

पाव लिटरच्या पेल्यात म्हणजे ०.१२ विरुद्ध ०.०५ ग्रॅम. चमचाभर जवस कुटून माणसाने स्वतः खाल्लं तर दीड ग्रॅमच्या आसपास लिनोलेनिक मिळतं, तेही कोटीपोटातून न जाता. गुणोत्तर सहापट बदलतं, पण माणसाच्या पोटात जाणारा फरक ग्रॅमचा पंधरावा भाग. जाहिरातीत गुणोत्तर छापलं जातं, ग्रॅम छापले जात नाहीत, आणि याचा मला मनापासून राग येतो.

कुरणवाला:
ग्रॅमचा हिशेब मान्य. पण दूध, दही, लोणी, चीज रोज खाणाऱ्या घरात हे साठत जातं, आणि रुमेनिक आम्ल तर दुसऱ्या कशातून फारसं मिळतही नाही. कुरणावर ते दुप्पट-तिप्पट होतं.

आकडेमोड:
रुमेनिकबद्दल सहमत. ते रवंथ करणाऱ्यांचंच देणं आहे. ओमेगा-३ साठी मात्र गायीला मध्ये घालू नये, एवढंच माझं म्हणणं.

चारापाणी:
कुरणाबद्दल एक भर. फायदा ताज्या, कोवळ्या, पानं जास्त असलेल्या गवताचा आहे. मेदाम्लं पानात असतात, काडीत कमी. गवत कापून उन्हात सुकवलं की पानं झडतात आणि लिनोलेनिक हवेने नासतं, त्यातलं निम्म्याहून जास्त जाऊ शकतं. मुरघासात (हवाबंद ठेवून आंबवलेल्या चाऱ्यात) ते बरंच टिकतं, पण कापल्यावर किती वेळ सुकत पडलं यावर अवलंबून. मक्याचा मुरघास वेगळाच प्रकार, त्यात दाण्याचं लिनोलिक आणि पिष्ट दोन्ही येतात. ‘हिरवा चारा’ एवढ्या शब्दाने काही कळत नाही, कापणी कधी आणि कशी झाली ते विचारावं.

हिरवं_रान:
मग बायपास फॅट म्हणून विकतात ते काय? ते तरी कोटीपोट ओलांडतं का?

दुग्धरसायन:
त्यात दोन जाती आहेत. एक मेदाम्लांचे कॅल्शियम क्षार. कोटीपोटात विरघळत नाहीत, पुढे आम्लधर्मी चौथ्या पोटात सुटतात. पण कोटीपोटाची आम्लता वाढली की तिथेच सुटायला लागतात, आणि त्यात असंपृक्त मेदाम्लं जितकी जास्त तितकं हे संरक्षण तकलादू. दुसरी जात संपृक्त मेदाम्लांच्या भुकटीची किंवा दाण्यांची. ती मुळात संपृक्त असल्यामुळे जिवाणूंना बाधत नाही. पिशवीवर दोन्हींना नाव एकच असतं, म्हणून घटक वाचून घ्या.

असंपृक्त तेल खरोखर पार न्यायचं तर १९७० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फॉर्माल्डिहाइडने घट्ट केलेल्या केसीनच्या (दुधातल्या प्रोटीनच्या) वेष्टणात तेल गुंडाळून दिलं गेलं होतं. दुधातलं लिनोलिक भरपूर वाढलं. पण असं दूध लवकर ऑक्सिडीकरण होऊन खराब होतं, पुठ्ठ्यासारखा वास येतो. जास्त दुहेरी बंध म्हणजे जास्त नाजूक स्निग्ध. गायीच्या आहारात ई जीवनसत्त्व वाढवून थोडं सावरता येतं.

ताजी_वेण:
विषय निघालाच आहे म्हणून एक विचारते. नुकत्या व्यालेल्या गायीचं फॅट पाचच्या वर जातं तेव्हा सगळे खूश होतात. ते याच हिशेबात बसतं का?

दुग्धरसायन:
बसतं, आणि खूश होण्यासारखं ते बहुतेक वेळा नसतं. खाणं पुरत नाही म्हणून गाय अंगावरची चरबी वितळवते, ती रक्तातून कासेत जाते. अशा दुधात ओलेइक आणि १८ कार्बनची मेदाम्लं चढतात, कासेत बनणारी छोटी घटतात. गाय भराभर वाळत असेल, खाणं मंदावलं असेल तर किटोसिसची, म्हणजे चरबी फार वितळून रक्तात किटोन साचण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्या.

फॅटचा आकडा एकच असतो, त्यामागची गोष्ट वेगवेगळी असू शकते. नेमकी घडण पाहायची तर गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मेदाम्लं एकेक वेगळी करून मोजण्याची पद्धत. सिस आणि ट्रान्स वेगळे करायला त्यात १०० मीटर लांबीची नळी वापरतात. रोजच्या कामाला ते परवडणारं नाही. आता अवरक्त किरणांवर चालणारी यंत्रं कासेत बनलेल्या मेदाम्लांचा अंदाज देतात आणि त्यावरून कोटीपोट कसं चाललंय हे टाकीतल्या एकत्र दुधावरूनही ओळखता येतं. मला हे सर्वांत उपयोगाचं साधन वाटतं.

गोठ्यावरून:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज तीन आठवडे झाले, म्हणून काय झालं ते लिहितो.

तेल त्याच दिवशी थांबवलं. भरडा पूर्वीइतका केला आणि तोही दोन वेळांऐवजी चार वेळा विभागून. वैरण लांब कापून आधी वैरण, मग भरडा हा क्रम धरला. खुराकात खाण्याचा सोडा. पहिला आठवडा आकडा हललाच नाही, ३.१ ते ३.२. मी जवळजवळ धीर सोडला होता. दहाव्या दिवसानंतर चढायला लागलं: ३.४, ३.६, आज ३.९. शेण बांधून येतंय. वाढलेलं लिटरभर दूध मात्र परत गेलं.

दुग्धरसायन:
हाच वेग अपेक्षित आहे. बिघडायला आठवडा-दहा दिवस, सावरायला दोन ते तीन आठवडे, कारण जिवाणूंची वस्ती पुन्हा बसावी लागते. आणखी आठवडाभर काही बदलू नका.

गोठ्यावरून:
नाही बदलणार. जवस मात्र मनातून जात नाही. तेलाऐवजी अख्खं बी दिलं तर?

दुग्धरसायन:
तेलापेक्षा नक्कीच सौम्य. बियातलं तेल सावकाश सुटतं, जिवाणूंना सवय व्हायला वेळ मिळतो. पण अगदी अख्खं दिलं तर बरंच बी न चावता शेणात सापडेल, म्हणून जाडसर भरडून द्या. गायीमागे पाव किलोपासून सुरुवात, दोन आठवडे तेवढंच. एकूण आहारातलं स्निग्ध, चाऱ्यातलं धरून, शुष्क पदार्थाच्या (पाणी वगळून उरणाऱ्या वजनाच्या) ६ ते ७ टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. सरकी चालू असेल तर ती त्यातच मोजा. आणि वैरण कमी पडायला लागली की जवस आधी बंद.

हिरवं_रान:
चार गायींवर आधी करून बघा, चौदांवर नको.

गोठ्यावरून:
चारच निवडल्या आहेत. सगळ्या व्याल्याला तीन महिने उलटलेल्या, म्हणजे अंगावरच्या चरबीचा गोंधळ नको. फॅट रोज सकाळ-संध्याकाळ वेगळं लिहून ठेवतोय. महिन्याने इथेच टाकेन.